कोणती लाइन?

टेस्टरचा दिवा लागला तसे पंजाबराव खूश झाले.

"पाह्य," ते लेकीला म्हणाले, "म्या म्हनलं होतं ना? लाइन एकदम पक्की हाये."

समता लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच ठेवून खोलीभर नजर फिरवत होती. खिडकीच्या वर, दाराच्या मागे, छताच्या कडेने. जानेफळातलं हे घर ती आज पहिल्यांदाच पाहत होती. बाहेर टेम्पोतून सामान उतरत होतं.

"बाबा, ही तं बिजलीची लाइन झाली. माही लाइन कुठं हाये?"

"तुही म्हंजे?"

"नेटची. फायबरची. फोनवर म्या तुमाले तेच तं विचारलं होतं."

पंजाबरावांचा टेस्टर सॉकेटातच राहिला.

पंजाबराव म्हणजे वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. आमच्या भागात विजेला वीज कोणी म्हणत नाही, लाइनच म्हणतात. लाइन आली, लाइन गेली, आज लाइन कमी येऊन राह्यली. पंजाबरावांनी तर अख्खा जन्म या एका शब्दावर काढलेला. आणि समता पुण्याच्या एका विमा कंपनीचे फोन घरबसल्या लॅपटॉपवर घेणारी. तिची लाइन म्हणजे इंटरनेट. बापलेक एकाच घरात राहत होते, एकाच ताटलीतली भाकर मोडत होते, पण हा शब्द दोघांनी कधी समोरासमोर ठेवून पाहिलाच नव्हता.

घर पाहायला निघालेल्या बापाला समताने बजावलं होतं, "सगळ्यात पह्यले लाइनचं विचारा." पंजाबरावांनी विचारलं. घरमालक किसनराव छाती काढून म्हणाले, "जातच नाही भाऊ. दवाखान्याच्या लाइनवर हाये आपलं घर." पंजाबरावांनी मीटर पाहिलं, अर्थिंग पाहिलं आणि तिथूनच लेकीला फोन लावला. तिने विचारलं, "फास्ट हाये का?" ते म्हणाले, "अवं, पंखा पाह्य ना कसा फिरते!" बाबा गंमत करतात असं वाटून ती हसली. तिने हो म्हटलं. इसार दिला गेला.

आता किसनरावांना बोलावणं गेलं. ते आले ते कपाळावरचा घाम पुसतच.

"नेट? ते तं बसस्टँडपर्यंत आलं हाये. नाल्याच्या इकळे तार टाकली नाही अजून. पन मोबाइलवर चालते ना! माहा नातू दिवसभर व्हिडिओ पाह्यते."

"तुमी लाइन हाये म्हनले होते, किसनराव."

"मंग हाये ना लाइन! आता काय झालं?"

खरंच, किसनरावांचं काही चुकलं नव्हतं. भला माणूस. खरेदीखत उद्या व्हायचं होतं, तरी त्यांनी किल्ली आधीच देऊन टाकली होती. शेगावला मुलाकडे राहायला जायची त्यांची तयारी झालेली होती.

मेहकरच्या भाड्याच्या घरातलं कनेक्शन समताने कालच बंद करून घेतलं होतं. ते घर मालकाला परत हवं होतं. दुपारची पाळी डोक्यावर आली होती. आणि तिच्या कंपनीतल्या राजकुमार सरांनी गेल्याच आठवड्यात ऐकवलं होतं की तिचे फोन मध्येच तुटतात, आता आणखी एक तुटला तर घरून काम बंद, पुण्याला ऑफिसात यावं लागेल.

हे घर घेण्याचं कारणच मुळी तेवढं एक होतं. एकुलती पोर डोळ्यांपुढे राहावी. कर्जही तिच्याच पगारावर मिळणार होतं.

समताची आई, तानाबाई, आतल्या खोलीत होत्या. त्यांनी आल्या आल्या, चूल-भांडी सोडून, तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आधी लावली होती आणि खाली उदबत्ती टोचायला जागा शोधत होत्या. बाहेरचं बोलणं त्यांना ऐकू गेलं असावं. त्या दारात आल्या.

"काय झालं अवो?"

"काई नाही," पंजाबराव म्हणाले. खोटं बोलताना त्यांचा आवाज नेहमीच चिरकतो. तानाबाई उदबत्ती घेऊन पुन्हा आत वळल्या.

पंजाबराव हा जन्माचा भित्रा माणूस. भित्रे होते म्हणून तर पेन्शन खायला जिवंत राहिले. त्यांच्या भीतीला एक नाव होतं, मोतीराम. दोघे बरोबरच खात्याला लागलेले. एकदा मोतीरामने खांबावर चढण्याआधी उपकेंद्रात फोन केला, "लाइन बंद कर." तिकडून उत्तर आलं, "केली." त्या वाटेवरून दोन लाइनी जात होत्या, एक गावाची आणि एक शेतातल्या पंपांची. बंद झाली ती पंपांची. मोतीराम चढला गावाच्या लाइनवर. खाली दोर धरून पंजाबराव उभे होते. पुढचं त्यांनी तानाबाईंनाही कधी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून पंजाबरावांना एक सवय जडली. कोणी लाइन म्हटलं की ते विचारायचे, "कोनती लाइन?" चढण्याआधी विचारायचे, चढता चढता विचारायचे, वर जाऊन टेस्टर लावून पुन्हा ओरडून विचारायचे. सोबतचे लोक टर उडवायचे. साहेब म्हणाले रजा मंजूर, तर हा विचारील कोणती लाइन! पंजाबराव हसायचे आणि पुन्हा विचारायचे. समता घरून काम करायला लागली तेव्हा पहिल्या दिवशी बंद दाराआडून तिचा आवाज आला, "मॅडम, कृपया लाइनवर राहा." त्यांच्या हातातला चहा तानाबाईंच्या लुगड्याच्या घडीवर सांडला. कोणी कोणाला लाइनवर राहा म्हणतं का?

आणि आयुष्यभर विचारलेला तो एक प्रश्न, लेकीसाठी घर घेताना, ते विचारायला विसरले होते. पंखा भरधाव फिरताना पाहून आनंदात विसरले होते.

"गच्चीवर रेंज हाये," वरून समताचा आवाज आला.

पंजाबराव दचकले. घराच्या मागून अकरा हजार व्होल्टची लाइन जाते हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. अंतर नियमात बसत होतं. गच्चीला कठडा नाही, वर कशाला कोण जातं, मागच्या कोपऱ्यात पोरीला जाऊ द्यायचं नाही म्हणजे झालं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. भित्र्या माणसालाही कधीकधी घर आवडून जातं.

ते जिना चढून वर गेले. समताने लॅपटॉप जिन्याच्या तोंडाशी सावलीत ठेवला होता. मोबाइलचं नेट त्याला जोडून, मोबाइल हातात धरून ती गच्चीवर इकडून तिकडे फिरत होती. शेजारच्या दुमजली घरामुळे पुढे रेंज नव्हती.

"मांगच्या कोपऱ्यात जाऊ नोको," पंजाबराव म्हणाले.

"नाही जात. तुमी खाली जा बाबा, पाळी सुरू होऊन राह्यली. अन् आवाज करू नका. खालच्याइलेही सांगा."

तिच्या आवाजातली भीती त्यांनी ओळखली. ती त्यांचीच होती, लेकीने वारशात घेतलेली. ते मुकाट्याने खाली आले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, भांडी हळू उतरव. तानाबाई पातेल्यांच्या मध्ये फडकी घालून ती एकेक करून आत नेऊ लागल्या. सगळं घर श्वास धरून होतं.

पहिला फोन पार पडला. दुसराही पडला. पंजाबराव जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होते. तिसऱ्याला कोणी म्हातारा माणूस असावा. समता एकेक वाक्य दोनदा सांगत होती. मग तिचा आवाज बदलला. "हॅलो? हॅलो सर, माझा आवाज येतोय का? सर, कृपया लाइनवर राहा." थोडा वेळ शांत. पुन्हा, "लाइनवर राहा सर, प्लीज." आवाज आता जिन्याजवळून येत नव्हता. मागून येत होता.

पंजाबराव उठले. गुडघे दुखतात हे त्यांना जिना संपल्यावर आठवलं.

गच्चीवर जुन्या टीव्हीच्या अँटेनाचा लोखंडी पाइप पडलेला होता. समताने मोबाइल कापडी पिशवीत घालून पाइपच्या टोकाला बांधला होता आणि दोन्ही हातांनी तो वर वर नेत होती. जेवढा वर, तेवढा आवाज चांगला येत असावा, कारण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटत होतं. ती पाऊल पाऊल मागे सरकत होती. मागच्या कोपऱ्याकडे. तिची नजर लॅपटॉपवर होती. पाइपचं टोक कुठे चाललंय हे तिला दिसत नव्हतं.

"समता!"

कानावर बिनतारी हेडफोन. तिने बापाला पाहिलं आणि एक हात सोडून ओठांवर बोट ठेवलं. एका हातात पाइप डगमगला आणि टोक तारेकडे झुकलं.

पंजाबरावांना खांबावरचा मोतीराम दिसला. खालून ओरडणारे आपण दिसलो. तेव्हा त्यांचे पाय हलले नव्हते. अशा वेळी हात लावायचा नाही, लाकूड शोधायचं, हे खात्यात शिकवलेलं त्यांना तोंडपाठ होतं. पण आज पाय थांबले नाहीत. त्यांनी धावत जाऊन पाइप बुडाजवळ धरला आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली ओढला. दोघेही गच्चीवर आपटले. पाइप खणखणत दूर गेला. पिशवीतला मोबाइल फुटल्याचा आवाज आला.

"बाबा! लाइन कटली माही!" समता रडत ओरडली. "काय करून राह्यले तुमी? काऊन ओढलं? लाइन कटली ना!"

पंजाबरावांनी फक्त बोट वर केलं.

समताने वर पाहिलं. तार तिथेच होती, काळी, उन्हात थोडी लोंबलेली, अगदी मुकी. मग तिने बापाचे दोन्ही हात धरले.

"मले भेव वाटलं माय," पंजाबराव म्हणाले. "मले लय भेव वाटलं."

राजकुमार सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पंजाबरावांच्या फोनवर गोड शब्दांत सांगितलं की पुढच्या महिन्यापासून ऑफिसात या.

खरेदीखत झालं नाही. पोरच घरात राहणार नसेल तर घर कोणासाठी घ्यायचं? इसार किसनरावांनी स्वतः होऊन परत केला. निघताना ते एवढंच म्हणाले, "पंजाबभाऊ, म्या खोटं नव्हतो बोललो हो." "नाही," पंजाबराव म्हणाले, "इचारनं माह्याकळे होतं." तानाबाईंनी भिंतीवरची तसबीर काढून पदराने पुसली आणि टेम्पोत स्वतःच्या मांडीवर धरून बसल्या.

मेहकरला आता पंजाबराव आणि तानाबाई एका खोलीत राहतात. समता पुण्यात चार मुलींबरोबर राहते आणि सुट्टीच्या दिवशी फोन करते.

परवा तिचा फोन आला तेव्हा तानाबाई दळण आणायला गेल्या होत्या. जेवली का, झोप होते का, हे विचारून झालं. मग आवाज तुटायला लागला.

"बाबा, तुमचा आवाज येऊन नाही राह्यला. लाइन खराब हाये. ठेवू का?"

पंजाबरावांनी फोन कानाला घट्ट दाबला. तो शब्द तोंडातून काढायला त्यांना जड गेलं.

"ठेवू नोको," ते म्हणाले. "लाइनवर राह्य, माय."

तिला ऐकू गेलं असावं. कारण तिने फोन ठेवला नाही. पलीकडे तिच्या खोलीतला पंखा फिरत होता आणि पंजाबराव डोळे मिटून तो ऐकत बसले.