दोन विहिणी आणि एक कोट

आकुलिना प्रोकोप्येव्हना उत्तरेतल्या याकुत्स्कहून निघाली तेव्हा तिथे उणे एकावन्न होतं आणि दक्षिणेतल्या सोचीला उतरली तेव्हा अधिक सात. विमानतळावरच तिनं पायघोळ फरकोट काढून मुलीच्या, तुयाराच्या, गळ्यात टाकला, ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि विहीणबाईंकडे बघितलं. सिरानुश काराप्येतोव्हना दोन शाली आणि एका लोकरी टोपीतून फक्त नाकापुरत्या बाहेर होत्या.

"बरं नाही का विहीणबाई तुम्हाला?"

"थंडी आहे," सिरानुश म्हणाल्या.

"कुठे?"

एवढ्या एका शब्दावर विहिणींचं बिनसलं. शिवाय गाडीत बसल्यापासून आकुलिनाचं तोंड बंद होईना. आमच्याकडे दूध गोठवून चकत्या विकतात, बाजारात मासे शेपटीवर उभे करून ठेवतात, गाडीचं इंजिन हिवाळ्यात बंद करायचं नसतं. तुयारा आईला कोपरानं ढोसत होती, पण काही उपयोग झाला नाही. घर येईपर्यंत सिरानुशबाईंनी टोपी कानांखाली ओढून घेतली होती.

घर छान होतं. अंगणातलं संत्र्याचं झाड फळांनी वाकलेलं. आकुलिना कौतुक करत उंबरा ओलांडून आत गेली आणि तिच्या उघड्या हातांवर सर्रकन काटा आला. याकुत्स्कला बाहेर काहीही असो, घरात नळांतून रात्रंदिवस गरम पाणी फिरतं, माणसं बनियनवर बसून आइस्क्रीम खातात. इथे भिंती दगडी, फरशी गार आणि अख्ख्या घरात विजेची एकच शेगडी, तीही सिरानुशबाईंच्या पायांशी. अंथरूण तर असं दमट, की धुऊन वाळायच्या आतच घातलं असावं.

पण आता सांगणार कुठल्या तोंडानं?

मग आकुलिनानं युक्त्या काढल्या. गरम पाण्यात हात राहावेत म्हणून ती सगळी भांडी घासू लागली, घासलेली पुन्हा घासू लागली. ओव्हनमध्ये काही भाजत असलं की ते झालं का बघायला सारखी दार उघडायची आणि डोकं आत घालून बसायची. सिरानुशबाईंना वाटलं, विहीण कामाची दिसते, जीभ तेवढी वाईट.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कॉफीला बोलवायला गेल्या, तर पलंगावर अस्वल. फरकोट, कानांवर बांधलेली फरची टोपी, पायात रेनडिअरच्या कातड्याचे बूट आणि मधे दोन डोळे.

"बरं नाही का विहीणबाई तुम्हाला?" सिरानुशबाईंनी अगदी मायेनं विचारलं.

"कोट सैल झालाय का बघत होते."

"झोपून?"

"झोपूनच कळतं."

दुसऱ्या दिवशी सोचीत बर्फ पडला. वीतभरच, पण शहराचे हातपाय गळाले. शाळा बंद, बस बंद, मग वीजही गेली. शेगडी विझली. जावई गरेगिन आणि तुयारा कामावर अडकले. सिरानुशबाई खिडकीशी बसून जगबुडी बघत होत्या.

आकुलिना मात्र खुलली. हे तिच्या ओळखीचं होतं. घरात बर्फ काढायचं फावडं नव्हतं, म्हणून तिनं ओव्हनचा ट्रे घेतला आणि फाटकापर्यंत वाट मोकळी केली. जाताजाता फ्रीजरमधले, गावाहून आणलेले गोठलेले मासे बर्फाच्या ढिगात खोचून ठेवले. घामाघूम होऊन आत आली, तर विहीणबाईंचे दात वाजत होते. तिच्या जिभेवर एक झकास टोमणा आला होता. ओठ निळे पडलेले बघून तिनं तो गिळला.

"या आत," ती कोट उघडून म्हणाली.

"दोघी?"

"आमच्याकडे कोट ऐसपैसच शिवतात."

एक बाही हिची, एक तिची. अशा दोघी कोचावर बसल्या. आकुलिनानं मोकळ्या हातातल्या सुरीनं, बर्फातून आणलेल्या कडक माशाच्या पातळ कुरळ्या चकत्या काढल्या. मासा धरला सिरानुशबाईंच्या मोकळ्या हातानं. वर मीठ-मिरपूड टाकली.

"शिजवायचा नाही?"

"कशावर?"

सिरानुशबाईंनी डोळे मिटून एक चकती गिळली. मग उघड्या डोळ्यांनी दुसरी घेतली. मग निम्मा मासा.

"एक सांगते," आकुलिना म्हणाली. "जन्मात एवढी थंडी वाजली नाही मला."

"आत्ता बाहेर?"

"नाही. तुमच्या घरात, आल्यापासून."

सिरानुशबाई इतक्या हसल्या की कोटाचं बटण उडून दिव्यावर आदळलं. संध्याकाळी चालत घरी आलेल्या गरेगिनला अंधुक उजेडात दोन तोंडांचं जनावर मासा खाताना दिसलं. तो आल्या पावली बाहेर गेला. त्याला आत आणायला मागून येणाऱ्या तुयाराला बराच वेळ लागला.

पुढच्या जानेवारीत सिरानुश याकुत्स्कला गेल्या. महिनाभर राहिल्या, बिनबाह्यांच्या झग्यात. मैत्रिणींना फोन करकरून सांगायच्या की उत्तरेसारखी ऊब दक्षिणेत नाही. शहर कसं आहे, असं विचारलं की म्हणायच्या, "खिडकीतून छान दिसतं."