आपोआप चालणारं घर

आमचं घर बघायला दर रविवारी लोक यायचे. एका साप्ताहिकात बाबांचा फोटो छापून आला होता, गोबर गॅसच्या ड्रमवर हात ठेवून उभे असलेले. तेव्हापासून ही रीघ लागली.

माझे वडील दशरथ परब मरोळला एका कारखान्यात फिटर होते. शिकलेले नववीपर्यंत, पण डोकं असं की मोडकं घड्याळसुद्धा त्यांच्याशी बोलायचं. बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या कुंपणाजवळ दोन गुंठे जागेवर त्यांनी १९८३ साली घर बांधलं. भिंतींत मधे पोकळी सोडून विटा रचल्या होत्या, त्यामुळे मे महिन्यातही पंखा लावायची वेळ येत नसे. छपराला काचेची कौलं. छपरावरच काचेच्या पेटीत काळी टाकी, उन्हाने पाणी तापवणारी. पावसाचं पाणी पन्हळीतून अंगणाखालच्या हौदात जायचं. मागे गोबर गॅसचा खड्डा, आणि अंगणात सूर्यचूल. ती म्हणजे आरशाचं झाकण लावलेली पत्र्याची पेटी. आत डाळभात शिजायचा.

हे सगळं त्यांनी आईसाठी केलं होतं. आईचं, सुगंधाचं, लहानपण कुडाळकडे चुलीपुढे गेलं. लग्नानंतर चाळीत रॉकेलचा स्टोव्ह. तिचे डोळे कायम लाल. घराचा पाया खणताना बाबा तिला म्हणाले होते, "तुझ्या डोळ्यात आता धूर जावचो नाय." आणि खरंच, नाही गेला.

लोक विचारायचे, "परबसाहेब, याला रोज करावं काय लागतं?"

बाबा हसून म्हणायचे, "काही नाही हो. आपोआप चालतं."

तोवर आई चहा घेऊन यायची. लोक कपाकडे बघून म्हणायचे, शेणावरचा चहा! वास नाही येत! सगळे हसायचे. आईही हसायची.

बाबा पहाटे कामाला जायचे. ते गेले की आई शेजारच्या गुणाजीच्या गोठ्यातून शेणाच्या चार बादल्या आणायची. तेवढंच पाणी घालून ते हाताने कालवायची, त्यातल्या काड्या वेचायची, मग खड्ड्यात ओतायची. गॅस साठला की वर उचलला जाणारा लोखंडी ड्रम दोन्ही हातांनी धरून रोज फिरवावा लागे, नाहीतर आत शेणावर साय धरते. हौदातलं पाणी हातपंपाने वर चढवायचं. सूर्यचूल दर अर्ध्या तासाने उन्हाकडे वळवायची. छपरावरच्या पेटीच्या काचा रोज पुसायच्या, कारण समोरच्या रस्त्याची धूळ बसली की पाणी कोमट राहायचं. संध्याकाळी बाबा परत येईपर्यंत अंगण झाडून झालेलं असे, आई वेणी घालून बसलेली असे. रविवारी बाबा पाहुण्यांतच असत. मी तेव्हा बारावीला होते. मला अभ्यास होता.

१९८६च्या फेब्रुवारीत एका शनिवारी सूर्यचुलीचं झाकण वाऱ्याने आपटलं आणि त्याच्या पत्र्याने आईची करंगळी कापली. तिने हळद दाबली, चिंधी बांधली.

दुसऱ्या दिवशी एका संस्थेची पंचवीस माणसं यायची होती. सकाळी बाबांनी चिंधी बघितली. "लागलं काय गे?"

"काय नाय. कापला जरासा."

"बरं. ड्रम जरा खाली बसलाय बघ. लोक यायच्या आधी वर येऊक होयो."

एवढंच बोलले. रागावून नाही, लाडानेच बोलले. आईने चिंधी सोडून बाजूला ठेवली आणि बादलीत हात घातला.

आठवड्याने ती म्हणाली, दाढ दुखते, तोंड उघडत नाही. बाबांनी लवंग आणून दिली. दुसऱ्या दिवशी मान ताठ झाली. डॉक्टरांनी तिला बघितलं, मग तिच्या करंगळीकडे बघितलं आणि विचारलं, "शेणाचं काम करता का?"

धनुर्वात होता.

सरकारी इस्पितळात तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळे पडदे, तिच्या कानांत कापूस. उजेड आला, आवाज झाला, कुणी नुसता हात लावला तरी तिचं अंग कमानीसारखं वाकायचं. नर्सने बजावून सांगितलं, "आत एक शब्द बोलायचा नाही. तिला सगळं कळतंय, पण बोलायचं नाही."

बाबा चपला बाहेर काढून आत जायचे. खाटेपासून दोन हातांवर उभे राहायचे. आई त्यांच्याकडे बघायची. तिला कळत होतं. बाबांचे ओठ हलायचे आणि ते तोंडावर हात दाबून धरायचे. पाच दिवस ते असे उभे राहिले. सहाव्या दिवशी सकाळी आई गेली. त्यांना तिच्याशी एक अक्षर बोलता आलं नाही.

तेराव्यानंतर बाबांनी रजा वाढवली आणि शेण स्वतः आणायला सुरुवात केली. दोन बादल्या आणल्या. ड्रम वर येईना. मी म्हटलं, "बाबा, चार लागतात."

"चार?"

"आई चार आणायची."

ते गुणाजीकडे परत गेले. दुपारी भात कच्चा राहिला, कारण सूर्यचूल वळवायची असते हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. चूल त्यांनीच बनवली होती. फिरवायला खाली चाकंही त्यांनीच लावली होती.

महिन्याभराने एका कॉलेजचे सर मुलं घेऊन आले. त्यांना काही ठाऊक नव्हतं, बिचारे तारीख आधीच ठरवून गेले होते. बाबांनी त्यांना भिंती दाखवल्या, कौलं दाखवली. एका मुलीने वही काढून विचारलं, "काका, याला रोज किती मेहनत लागते?"

बाबांनी ड्रमवर हात ठेवला. मग म्हणाले, "एक माणूस लागतं. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत."

मुलीने लिहून घेतलं. बाबा आत गेले ते बाहेर आले नाहीत. सरांना मीच सगळं सांगितलं. मुलं चहा न घेता गुपचूप निघून गेली.

त्या पावसाळ्याआधी बाबांनी खड्डा बुजवला. ड्रम भंगारवाल्याला दिला, सूर्यचूल कुणाला तरी देऊन टाकली. आम्ही पुन्हा रॉकेलचा स्टोव्ह आणला.

एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं, "प्रेमा, तिने माका कधी सांगलान कसा नाय गो? दमतंय म्हणून?"

मी म्हटलं, "माहीत नाही, बाबा."

मला माहीत होतं. आईने मला सांगितलं होतं, एकदा दिवाळीच्या आधी, हातांना तेल चोळताना. म्हणाली, "प्रेमा, माका आता झेपणा नाय गो." मी म्हटलं, बाबांना सांग. तर म्हणाली, "नको. तेंका केवढी हौस आसा." आणि मी पुस्तकात डोकं घातलं. दोन बादल्या मी आणते, असं म्हणायला मला काय झालं होतं?

माझं लग्न होऊन मी नाहूरला आले. बाबा तिथेच राहतात, एकटे. पंधरा दिवसांनी मी जाते, त्यांचं जेवणखाण बघते, भिंतीला टेकून आम्ही दोघं बसतो. घर अजून तसंच थंडगार आहे. ते मला अजून विचारतात. मी अजून सांगितलेलं नाही.