चारचाकी दोन

"सात घरं फिरलो, घोटभर पाणी कुणी विचारलं नाही. आणि गाडी लावायची जागा प्रत्येकानं दाखवली, ती शेजारच्याच्या दारापुढची!"

गिरधर हे स्वतःशीच पुटपुटला, पण भिकुबाईंच्या ओट्याशी. तिथं पुटपुटलेलं सगळं ऐकू जातं. भिकुबाई लोटगाडीवर केळीच्या फण्या मांडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बस भाऊ. पानी ले आधी. मंग लिख, काय लिखनं ते."

गिरधर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. जळगावातल्या या कॉलनीत तेवीस घरं. पाच वर्षांपूर्वी दारोदारी सायकली होत्या, तेव्हा भांडणं नळावरून व्हायची. मग लुना आल्या, स्कूटरी आल्या, आणि गेल्या दिवाळीत चेअरमन पितांबरआबांची मारुती आली. ती गल्लीत वळेना. तेव्हा कमिटीनं ठरवलं, रहिवाशांचं मत घ्यायचं. छापील फॉर्म निघाले: नाव, घर नंबर, वाहन, चाके, वाहनाचा नंबर, सूचना. मत घेण्याआधीच गेटाजवळच्या कडुनिंबाखाली चुन्याची रेघ मारून झाली होती, ही गोष्ट वेगळी.

त्याच निंबाखाली, स्वतःच्या ओट्यासमोर, भिकुबाईंची लोटगाडी उभी असते. निंब त्यांच्या मालकांनी लावलेला. पुनाभाऊ लाइनमन होते, अकरा नंबरचं घर त्यांच्या पगारातून उभं राहिलं. ते गेले आणि भिकुबाई केळी विकायला लागल्या. माल सावद्याकडचा. सकाळी सातला लोटगाडी बाहेर, दुपारी परत निंबाखाली. सहा वर्षं एकही खाडा नाही. गाडी रस्त्यावर ठेवायची म्हटलं, तर सकाळी चाकं जागेवर सापडतील याचा भरवसा नाही. आणि गाडी गेली की भिकुबाईंची चूल गेली.

"वाहन?" गिरधरनं पेन उघडलं.

"लोटगाडी."

तो हसला. "अक्का, वाहन म्हणजे कसं—"

"ढकली की चालस. मंग वाहनच ना? चाकं मोज."

त्यानं खरंच वाकून मोजली. चार.

"नंबर?"

भिकुबाईंनी गाडीच्या कडेला ठोकलेला पत्र्याचा बिल्ला पदरानं पुसला. नगरपालिकेचा, दोनशे सतरा. गिरधर सरळ माणूस. रकान्यात जे बसतं ते लिहायचं, कचेरीत वीस वर्षं त्यानं दुसरं काही केलेलं नाही. त्यानं लिहिलं.

"सूचना?"

"तो कोरा राहू दे. मी सांगसू तवय लिख."

रविवारी संध्याकाळी, गणपती बसतो त्या मोकळ्या जागेत सतरंजी पसरली. आबांनी गिरधरचा गोषवारा वाचायला घेतला.

"दुचाकी एकोणीस. चारचाकी दोन." आबांचा चेहरा उजळला. "अरे! दुसरी कुणी घेतली? पेढे कुठंयत?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गिरधर खाली मान घालून म्हणाला, "घर नंबर अकरा."

असा हशा उसळला की झाडावरचे कावळे उडाले. भिकुबाईही हसल्या. सगळ्यांचं हसून झाल्यावर म्हणाल्या, "ठराव वाचा ना, आबा."

ठराव आबांनी घरूनच टाइप करून आणला होता. 'निंबाखालील जागा चारचाकी वाहनांसाठी राखीव.' वाचता वाचता त्यांचा आवाज खाली येत गेला.

"मंग मनी जागा पक्की," भिकुबाई म्हणाल्या. "तुमनी मारुती मना बाजूले लावा. मी थोडी सरकी लेसू."

आता कुणी हसलं नाही. मागून आवाज आला, "माशा फार होतात हो." दुसरा म्हणाला, "सालं खायला गुरं घुसतात." तोताराम गुरुजींनी घसा साफ केला. "आमच्या मुलीला बघायला लोक येतात. गेटातच आधी..."

"गेटमा काय, गुरुजी?"

"तसं काही नाही, अक्का. आपलं... कॉलनीची शोभा."

"हे मनाला लावून घेऊ नका," आबा समजुतीनं म्हणाले. "प्रश्न फक्त जागेचा आहे."

मी सतरंजीचा दोरा उसवत बसले होते. माझ्या घरी सोमवारची केळी भिकुबाईच देतात, निवडून, डाग नसलेली. दोरा चांगला वीतभर उसवला.

भिकुबाई उठल्या. लुगड्याचा पदर खोचला.

"गिरधरभाऊ, मना कागद काढ. सूचना कोरी शे ना?"

"कोरी आहे, अक्का."

"लिख. माशासनी अडचन नई. गुरंसनी अडचन नई."

गिरधर लिहू लागला. आबांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, बाई वळणावर आली.

"जागानी बी अडचन नई."

आबांची मान थांबली. गिरधरचं पेनही थांबलं. त्यानं वर बघितलं. भिकुबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. एकेका माणसाकडे, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, सावकाश बघत होत्या. माझ्यापाशी क्षणभर थांबल्या, पुढं गेल्या.

"लिख भाऊ. अडचन भिकुबाईनी शे. आनी त्याना खाले बठ्ठासन्या, एकूनएक मानूसन्या, सह्या ले."