सहा गोळे

"डबा एकच आत जाईल," करमणूक-उद्यानाच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. "कागद मुलीच्या नावाचा आहे. तुम्हां दोघांचे डबे बाहेर."

माझ्या बायकोने, झेनाइदेने, डॉक्टरांचा कागद पुन्हा उलगडून त्याच्यासमोर धरला, जणू दुसऱ्या वाचनात त्यातला मजकूर वाढणार होता. "अहो दादा, एकाच पातेल्यातलं आहे सगळं. भात, घेवडा, कोंबडी. तिला एकटीला कशी जेवायला बसवू?"

"ते खरं हो ताई. पण माझ्या हातात नाही."

मागे रांग खोळंबली होती. माझा मेहुणा जिल्मार बायकोमुलांसह केव्हाच आत पोहोचला होता. कठड्यापलीकडून तो ओरडला, "काय भाऊजी, चूल पण आणलीत का? फारोफेइरो कुठले!" सहलीला घरचे अन्न बांधून नेणाऱ्यांना आमच्याकडे ह्याच नावाने चिडवतात. रांगेतले लोक हसले. आमची अकरा वर्षांची मुलगी, रायाने, मान खाली घालून बुटांकडे पाहू लागली. मला तेथे क्षणभरही उभे राहवेना. आमचे दोन डबे उचलून मी सहलीच्या व्हॅनकडे जवळजवळ पळतच गेलो व ते आसनाखाली सरकवून परत आलो.

"आपण संध्याकाळी खाऊ," झेनाइदे म्हणाली. आतल्या उपाहारगृहात तिघांनी जेवायचे, तर माझ्या आठवड्याच्या मजुरीतले फारसे काही उरले नसते. प्रवेशपत्रांसाठीच आम्ही दोन नाताळ साधेपणाने काढले होते.

झेनाइदेविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. गावच्या सरकारी शाळेत ती सतरा वर्षे मुलांचे जेवण रांधते. दोनशे तीस मुलांसाठी मॅकरोनी उकळते, पाव कापते, पिठात हात घालते. घरी आल्यावर मात्र मागच्या दाराशीच कपडे बदलते, कोपरापर्यंत हात धुते, तोंड धुते, मग चुलीपाशी जाते. रायानेला पाचव्या वर्षी सीलिॲकचा, म्हणजे गहू अजिबात न सोसण्याचा, विकार निघाला आणि त्या दिवसापासून गव्हाचा कण आमच्या घरात आलेला नाही. मुलीला जे चालत नाही ते आमच्या टेबलावर कोणीच खात नाही, असा तिचा नियम आहे.

बाहेर गेल्यावर ती प्रश्न विचारते. कोणत्या तव्यावर भाजलं? कोणत्या तेलात तळलं? चमचा तोच का? बंद पाकिटावर गव्हातले ग्लुटेन आत आहे की नाही ते छापलेले असते. ताटातल्या गरम पदार्थावर काही छापलेले नसते. वाढदिवसाला, चर्चच्या जत्रेला, सगळीकडे हे प्रश्न. लोकांच्या कपाळावर आठी उमटली की मी हळूच बाहेर जाऊन उभा राहत असे. कोंबड्यांच्या कारखान्यात दिवसभर साखळीला कोंबड्या टांगणारा मी माणूस. वाट अडवून उभे राहणे माझ्या अंगवळणी कधी पडलेच नाही.

दुपारचा एक वाजला. जिल्मारची मुले करंजीसारखे तळलेले पास्तेल खात, बोटे चाटत फिरत होती. झाडाखालच्या बाकावर झेनाइदेने डबा उघडला.

"मी नाही खाणार," रायाने म्हणाली.

"का गं राणी?"

"तुम्ही दोघं बघत बसणार आणि मी एकटी गिळणार? माकड आहे का मी पिंजऱ्यातलं?"

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. चक्कर येईल."

"येऊ दे."

मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. बाकाभोवती दोन फेऱ्या मारल्या. समोर एका लहानशा दुकानातून भाजलेल्या चीजचा वास येत होता. पाँव दे केइजो! हे चीजचे गोळे कसावा नावाच्या कंदाच्या पिठाचे असतात. गव्हाशी त्यांचा संबंध नाही, हे आमच्या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सहा गोळ्यांची पिशवी मला परवडण्यासारखी होती. तिघांना दोन-दोन. सर्वांनी एकत्र खाल्ले असते.

"आलोच," मी म्हणालो.

रांगेत असताना विचारायचे वाक्य मी मनात जुळवत होतो. माझी पाळी आली तेव्हा मागचा एक दांडगा गृहस्थ म्हणाला, "चला काका, लवकर. पोरं रडतायत." काउंटरवरच्या बाईने भुवया उंचावल्या. तिच्यामागे भट्टीचे दार उघडे होते. आत एकावर एक जाळ्या होत्या, पण एखाद्या जाळीवर गव्हाचेही काही भाजत होते का ते मला दिसले नाही. खरे सांगायचे तर मी पाहिले नाही.

"सहा," मी म्हणालो.

पिशवी पाहताच रायाने उडीच मारून उठली. तिने हात पुढे केला आणि थबकली. आईचेच रक्त ते.

"बाबा, विचारलंस ना? भट्टी कोणती ते?"

"विचारलं."

"मग?"

"वेगळी आहे म्हणाली. ह्याचीच वेगळी."

झेनाइदेने माझ्या तोंडाकडे पाहिले नाही. तिने माझ्या पायांकडे पाहिले. खोटे बोलताना माझे पाय एका जागी ठरत नाहीत, हे वीस वर्षांच्या संसारात तिला कळलेले असणार. मी जमीन उकरत होतो.

"आण इकडे," ती म्हणाली आणि मुलीच्या हाताआधी तिने पिशवी घेतली. "मला फार भूक लागलीय."

एक गोळा तिने तोंडात टाकला. मग दुसरा. गरम होते, तिच्या डोळ्यांत पाणी आले, तरी ती थांबली नाही. शाळेत सर्वांचे झाल्यावर पातेल्याच्या तळाचे खाणारी ही बाई, मुलीच्या देखत तिसरा गोळा तोंडात कोंबत होती.

"आई! बाबांनी माझ्यासाठी आणलेत ते!"

"पहाटेपासून उपाशी आहे मी."

"एक तरी ठेव! आई! बाबा, सांग ना तिला!"

मी सांगू शकलो असतो. एक वाक्य पुरेसे होते. मी कागदाच्या पिशवीकडे पाहत उभा राहिलो. चौथा गेला. पाचवा गेला. सहावा तिला गिळवत नव्हता, तो तिने पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला. रिकामी पिशवी घडी घालून कचऱ्यात टाकली, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतले, आणि परत येऊन डबा मुलीपुढे सरकवला.

"झालं माझं जेवण. आता तू एकटी नाहीस. जेव."

"हावरट आहेस तू!" रायाने किंचाळली. बाजूच्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली. "हावरट! हावरट!"

"असेन. घेवडा गार होतोय."

भुकेपुढे मुलीचे चालले नाही. ती रडत रडत जेवली, अगदी शेवटच्या शितापर्यंत. झेनाइदेने रिकामा डबा पुसला व झाकण लावले. ह्या सर्व वेळात तिने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

मग रायानेने माझा हात धरला. "मोठ्या पाळण्यात चल. तू एकटाच चल. तिला नाही न्यायचं."

"जा," झेनाइदे म्हणाली. "मी बसते इथे."

पाळणा वर चढू लागला तशी रायाने मला बिलगली. तिचे हुंदके ओसरले होते. "तू तरी विचारलंस, बाबा," ती म्हणाली. "नेहमी तीच विचारते म्हणून किती तोरा असतो तिचा. आज तू विचारलंस."

समोरचा लोखंडी दांडा मी कधी ह्या हाताने, कधी त्या हाताने धरत राहिलो.

शिखराशी पाळणा थांबला. पलीकडे समुद्र होता. आमच्या मुलीने तो प्रथमच पाहिला आणि ती ओरडू लागली. मी खाली पाहत होतो. झाडाखालचा बाक रिकामा होता. झेनाइदेचे निळे पोलके त्या दुकानाच्या काउंटरपाशी, रांगेच्या अगदी पुढे होते. ती वाकून काही विचारत होती. मागचे लोक हात उडवीत होते, तरी ती हलली नाही. आतून कोणी भट्टीकडे बोट दाखवले असावे, कारण तिनेही मान त्या दिशेला वळवली. मग ती रांगेतून बाजूला झाली. भट्टी एकच असणार.

"बाबा, बघ ना! केवढा आहे!" रायाने माझी बाही ओढत होती.

झेनाइदे सावकाश चालत बाकाकडे आली व रिकाम्या हातांनी बसली.