सूरपडदा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझ्या मॉनिटरचं पोट एवढं मोठं, की माझ्यासाठी टेबल भिंतीपासून पुढे ओढावं लागलं होतं. आजकालचे सडपातळ लॅपटॉप मला पाहून नाक मुरडतात. मुरडू देत बापडे.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये, एका कोचिंग क्लासच्या खालच्या बोळकांडीवजा दुकानात, धनेश नावाच्या कारागिराने मला जोडलं. एक भाग इथला, एक तिथला. हे नवं शतक तेव्हा नुकतंच लागलं होतं. तोफांच्या कारखान्यात नोकरी करणारे रत्नाकरराव मला ऑटोतून मांडीवर घेऊन घरी आले. खड्डा आला की त्यांचे हात माझ्याभोवती घट्ट व्हायचे. इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी धरलं नाही.

रत्नाकररावांना एक भारी वेड होतं. माझ्यावर सिनेमा लावून त्याचा आवाज पूर्ण बंद करायचा, शेजारी टेपरेकॉर्डरवर भलताच एखादा अल्बम लावायचा आणि दोन्हींची जोडी जमते का ते पाहायचं. एका कृष्णधवल रहस्यपटाबरोबर त्यांनी संतूरची कॅसेट लावली. आगगाडी बोगद्यात शिरली आणि नेमका त्याच क्षणी तबला सुरू झाला. रत्नाकरराव खुर्चीतून उठून उभेच राहिले. मलाही अंगावर काटा आल्यासारखं झालं, म्हणजे काय होतं ते मला नीट ठाऊक नसलं तरी.

मग माझ्यावरून, टेलिफोनच्या तारेतून किरकिर करत, त्यांनी इंटरनेटवर एक मंडळ सुरू केलं. नाव ठेवलं ‘सूरपडदा’. रायपूर, इंदूर, पुणे, अगदी टोरांटोपासून लोक त्यात आले. ‘अमुक सिनेमाला तमुक अल्बम लावून पाहा’ असं रोज कुणीतरी लिहायचं. त्यात ‘जबलपूरची जोडी’ म्हटलं की सगळे कान टवकारायचे. मीही आतल्या आत फुगायचो, खोटं कशाला बोलू?

त्या काळी एक अख्खा सिनेमा एका सीडीत मावत नसे. पहिली सीडी संपली की मध्यंतर. त्याच सुमारास कॅसेटचीही एक बाजू संपायची. रविवारी दुपारी जमलेली मित्रमंडळी तेव्हा व्हरांड्यात जाऊन चहा पीत वाद घालायची. परत येऊन बसायची, तोवर दुसरी सीडी आणि दुसरी बाजू सुरू झालेली असे आणि जोडी अशी जमलेली असे की बस! टोरांटोचा आल्हाद मात्र दर वेळी लिहायचा, ‘पहिला भाग अप्रतिम. दुसरा आमच्याकडे जमत नाही.’ रत्नाकरराव हसायचे. म्हणायचे, “त्याला कानच नाही.”

पुढे सूरपडदा ज्या फुकटच्या जागेवर चालत होतं, ती जागाच बंद झाली. लोक पांगले. माझ्यावर क्रोशाचं झाकण आलं आणि झाकणावर इस्त्रीचे कपडे. अडगळीत पडणं म्हणजे काय, ते मी तेव्हा शिकलो.

गेल्या वर्षी रत्नाकरराव निवृत्त झाले आणि एकदम गप्प झाले. वर्तमानपत्र वाचून झालं, की घडी करायचे आणि तेच पुन्हा उघडायचे. त्यांच्या मुलीला, सुखदाला, ते पाहवेना. तिने आल्हादला शोधून काढलं, त्याच्यामार्फत इतरांना गाठलं आणि फोनवर सूरपडदा पुन्हा उभं केलं. ठरलं, की रविवारी सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर यायचं आणि आपापल्या घरी एकाच वेळी तो रहस्यपट आणि तेच संतूर लावायचं. रत्नाकररावांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला. तो माझ्यावरच ठेवलेला होता, म्हणून मला माहीत.

सिनेमा सुखदाच्या लॅपटॉपवर लागला, संगीत तिच्या फोनवर, आणि बाकीची मंडळी रत्नाकररावांच्या फोनवर दिसत होती. बोगदा आला, तबला आला, सगळे खूश झाले. पण त्यानंतर सगळंच फिसकटलं. फोनवर ना बाजू बदलायची होती, ना थांबायचं होतं. सिनेमात प्रेत सापडलं, तेव्हा संतूर लग्नघरात असल्यासारखं आनंदात वाजत होतं.

“बाबा, दूसरा हाफ तो बिलकुल जमून नाही राहिला,” सुखदा हळूच म्हणाली. कॉलवरचे चेहरे शिष्टाचाराने हसले आणि एकेक करून निघून गेले.

रत्नाकररावांनी चष्मा काढून ठेवला. “आल्हाद बरोबर होता,” ते म्हणाले. “तसं काही जमतच नव्हतं. आम्ही उगाच भास करून घेत होतो. बंद करून टाक तो ग्रुप.”

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. तो भास नव्हता. मी साक्षीला होतो, पण मला तोंड कुठलं?

शेजारच्या टेबलावर प्रतिमाताई, म्हणजे रत्नाकररावांच्या पत्नी, शाळेचे भूगोलाचे पेपर तपासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “अहो, पण तुम्ही दुसरी बाजू लगेच काहून सुरू होऊ दिली?”

“मग कधी व्हायची?”

“पडद्यावर होडी येईपर्यंत थांबावं लागते ना. मी तर होडी येऊ द्यायची, मग बटण दाबायची.”

“तू?”

“अच्छा, मग कोण? तुम्ही लोकं तिकडे व्हरांड्यात भांडून राहायचे. सीडी मीच बदलायची, कॅसेट मीच पलटवायची. लगेच लावली तर मजा नाही यायची. म्हणून दर पिक्चरला जागा पाहून लावायची.” आता त्यांनी मान वर केली. “मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

रत्नाकररावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि प्रतिमाताईंकडे नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्यावरचे कपडे उचलले गेले. धनेशला बोलावणं गेलं. त्याचे केस पांढरे झाले होते, पण हात तेच होते. “चल जाएगा भैया, बस धूल खा गया है,” म्हणत त्याने माझा पंखा साफ केला आणि पॉवर सप्लाय बदलला. टेपरेकॉर्डरही माळ्यावरून खाली आला.

पुढच्या रविवारी दुपारी पडदे ओढले गेले. फोनवर पुन्हा तेच चेहरे होते, थोडे साशंक. पहिली सीडी संपल्यावर रत्नाकरराव त्यांना म्हणाले, “दुसरी बाजू प्रतिमा लावणार, ती म्हणेल तेव्हाच तुम्हीही लावा. तेव्हाही तीच लावायची. तुम्ही इतकी वर्षं माझी पाठ थोपटली, ती अर्धी हिची होती. मला गेल्या रविवारी कळलं.”

प्रतिमाताई संकोचून दाराशीच उभ्या होत्या. रत्नाकररावांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्या बसल्या. टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या पडद्यावर धुकं आलं, घाट आला, मग होडी आली.

“चलो,” त्या म्हणाल्या.

सगळ्या गावांतून एकदम संतूर सुरू झालं. वल्हं पाण्यात पडलं, तसा आलाप उतरला. सिनेमा संपेपर्यंत फोनवरचा एकही चेहरा निघून गेला नाही. रत्नाकरराव तर सिनेमा पाहतच नव्हते. ते बायकोकडे पाहत होते.

शेवटी आल्हाद म्हणाला, “प्रतिमाताई, पुढच्या रविवारचा पिक्चर तुम्ही सांगा.”

“सांगते,” त्या म्हणाल्या. “आणि पहिली बाजूपण मीच लावून पाहते.”

सगळे हसले. रत्नाकरराव उठले आणि घरच्या सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जरूर पुसा, आमच्या पंख्यातली धूळ काढा. पण आम्हाला पुन्हा चालू कराल, तेव्हा आमच्याजवळ कोण कोण असायचं, हेही घरात विचारा. त्यातलं कुणी अजून दाराशी उभं असेल, तर त्याला आत बोलवा आणि समोरची खुर्ची द्या.