काकूंनी धागा ओढला

काकू आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या सुया करायच्या. केसाहून बारीक सुई जिवंत पेशीवर हलकेच दाबायची आणि आतला धागा बाजूला ओढायचा. एका पेशीच्या दोन पेशी होताना हेच धागे गुणसूत्रांना दोन टोकांकडे खेचतात. एवढ्या खेचाखेचीत ते टिकतात कसे, हा माझ्या मार्गदर्शक सरांचा प्रश्न. उत्तरही सरांकडे तयार होतं: धागा गुणसूत्रापाशीच सगळ्यात कच्चा. प्रयोग तेवढा राहिला होता.

तीन दिवस सरांनी पेशींचा चेंदामेंदा केला.

"सुया भिकार आहेत," ते म्हणाले.

"सुया चांगल्या आहेत. तुम्ही रुतलेली गाडी काढल्यासारखं ओढता," काकू म्हणाल्या.

मी सूक्ष्मदर्शकामागे तोंड लपवलं. मला अजून पीएचडी हवी होती.

"मग तुम्हीच ओढा!"

काकू बसल्या. सुई इतकी हळू सरकवली की सरांनी दोन जांभया दिल्या. पडद्यावर धागा वाकला, चांगला धनुष्यासारखा. गुणसूत्रापाशी मात्र ताठच्या ताठ.

"जोर लावा," सर म्हणाले.

"लावलाय. तिथे कुणीतरी धरून ठेवलंय त्याला."

"कुणी?"

"ते तुम्ही शोधा. डॉक्टर कोण आहे?"

शोधलं मी. शेजारशेजारच्या धाग्यांना सांधणारं एक प्रथिन मी पेशींतून काढून टाकलं. त्यात पंधरा दिवस गेले. काकूंनी पुन्हा ओढलं, आणि या वेळी धागा गुणसूत्रापाशीच दारासारखा गर्रकन फिरला. म्हणजे नेमक्या त्या जागी शेजाऱ्यांचा आधार होता.

सरांनी दोन दिवस ती चित्रफीत पुन्हापुन्हा पाहिली. तिसऱ्या दिवशी बैठकीत म्हणाले, "मला आधीपासूनच शंका होती."

"पेशींना कळवायची राहिली वाटतं," काकू पुटपुटल्या. सगळ्यांनी ऐकलं.

शोधनिबंधात सरांनी काकूंना शेवटच्या आभारात बसवलं. मी म्हटलं, "सर, ओढलं त्यांनी. त्यांचं नाव लेखकांत हवं, नाहीतर माझंही नको." सर लालबुंद झाले. संध्याकाळी नवा मसुदा आला. त्यात काकू दुसऱ्या क्रमांकावर होत्या.

काकूंनी छापील प्रत घरी नेली. दुसऱ्या दिवशी त्या फणफणतच आल्या.

"काय झालं?"

"आमचे हे म्हणतात, इतके दिवस ओढलंस आणि साधा धागा तुटला नाही? मग छापलं कशाला?"