नडगीतली पट्टी

मी नडगीच्या हाडावर बसवलेली पोलादी पट्टी. माझ्या अंगात आठ स्क्रू आहेत आणि आठही जागेवर आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण या एका शंकेने एका घराचं स्वास्थ्य पार गेलं होतं.

माझे मालक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दुकानाची पायरी चुकली, नडगी मोडली आणि मी कारखान्याच्या डब्यातून थेट त्यांच्या पायात आले. हाडाने धरेपर्यंत आपण धरून ठेवायचं, एवढंच माझं काम.

तिसऱ्या महिन्यात तिथे कडक गाठ आली. मास्तर ती सकाळ-दुपार टेपने मोजू लागले. भेटीला येणारा प्रत्येक जण फळ पिकलंय का बघावं तशी ती दाबून पाही. स्क्रू निसटला, असं निदान मेहुण्याने केलं. तो पंखे दुरुस्त करतो. मास्तरांनी धसका घेतला. पुन्हा कापलं, तर मशीनचं पायडल कायमचं सुटणार.

एका दुपारी बायको बाहेर गेलेली पाहून त्यांनी नडगीवर ओलं फडकं अंथरलं आणि इस्त्री तापवली. कोटाच्या खांद्याला आलेला फुगा ते आयुष्यभर असाच बसवत आले होते. इस्त्री नडगीपासून दोन बोटांच्या अंतरावर आली. मी लोखंडाच्या जातीची, ओरडणार कशी? तेवढ्यात बायको दारात उभी.

"अहो, पाय आहे तो. कुणाची बाही नव्हे."

"मग हा फुगा बसवायचा कसा?" मास्तरांनी अगदी मनापासून विचारलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. स्क्रू जागेवर होते. गाठ म्हणजे मोडल्या जागेभोवती धरलेलं नवं हाड. सावकाश झिजेल, थोडं राहीलही.

"ताण येतो तिथे तुम्ही दुहेरी शिवण घालता ना, मास्तर? तसंच आहे हे. लाल झालं, ताप आला, तर लगेच या. नाहीतर हात लावू नका. पायडल मारा, हळूहळू."

मास्तरांनी पायडलवर पाय ठेवला. मी आठही स्क्रू आवळून तयार राहिले. चाक फिरलं, टाका पडला. भार हाडातून सरळ खाली गेला. माझ्या वाट्याला जेमतेम आला.

तेव्हापासून मला चैन नाही. मला काढायचं की ठेवायचं, ते म्हणे वर्षाने ठरेल. काढा, माझी तक्रार नाही. पण त्या गाठीला कुणी अंगठा लावू नका. सध्या सगळं काम तीच करते.